राखून ठेवण्याची कला

मराठी समीक्षेला नाटककार दिसतो, नट दिसतो, अलीकडे दिग्दर्शकही दिसू लागला आहे. मंडळी चालवणारा माणूस मात्र तिला आजही दिसत नाही. कोण कोणाला कुठून घेऊन आला, कोणाला थांबवले, कोणाला जाऊ दिले, वृद्ध झालेल्या राजाच्या जागी कोणाला उभे केले, हे प्रश्न हिशेबाच्या वहीतले समजून आपण सोडून देतो. 2025 साली 'दशावतार' हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेल्या वृद्ध नटाविषयी पुष्कळ आणि रास्त बोलले गेले. पण असा नट ज्या मंडळीत घडतो, ती मंडळी वर्षानुवर्षे कशी टिकते, याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

क्रीडालेखनाची गतही निराळी नाही. गोल करणाऱ्याचे छायाचित्र छापले जाते; संघ बांधणाऱ्याचे काम बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जाते. आम्ही तेरेखोलच्या अलीकडचे. आमच्या किनाऱ्यावर उन्हाळा म्हणजे टेनिस चेंडूचे क्रिकेट. फुटबॉल हा नदीपलीकडचा, गोव्याचा खेळ. तरीही त्या पलीकडच्या एका क्लबाची कथा दशावताराच्या मुलखातल्या माणसाला जितकी लवकर कळेल, तितकी मुंबईच्या क्रीडापत्रकाराला कळणार नाही, असे आम्हांला वाटते. हा क्लब म्हणजे पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब.

आधी नोंद पाहावी. 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशा पाच मोसमांत धेंपोने देशाचे अजिंक्यपद मिळवले. त्यांतले पहिले दोन मोसम राष्ट्रीय फुटबॉल लीगचे, पुढचे तीन आय-लीगचे. आय-लीग हे नाव धारण केलेल्या स्पर्धेचा पहिला विजेताही हाच संघ. 2008 साली तो एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेला. या पाचही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक एकच होते, आर्मांदो कुलासो. ते 2000 साली आले आणि 2013 पर्यंत राहिले. ज्या देशात चार सामने हरले की प्रशिक्षकाचे सामान बांधले जाते, तेथे तेरा वर्षे हा काळ थोडाथोडका नव्हे.

धेंपोला मध्यम क्लब म्हणताना थोडे सावध राहिले पाहिजे. त्यामागे खाणमालकाचे घराणे होते, म्हणजे पैशाची चणचण नव्हती. पण फुटबॉलमध्ये मोठेपणा केवळ पैशाने येत नाही. कोलकात्याचा मोहन बागान 1889 चा, ईस्ट बंगाल 1920 चा. त्यांच्यामागे एक अख्खे शहर, पिढीजात निष्ठा आणि लाखाच्या घरातली गर्दी आहे. धेंपोचा जन्म 1960च्या दशकातला आणि पणजी हे लहानसे शहर. शिवाय मडगाव-फातोर्ड्याच्या मैदानावर येणारा प्रेक्षक साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांच्यात वाटलेला. गर्दीच्या बळावर हा संघ उभा राहणे शक्यच नव्हते. तो माणसांच्या निवडीवर उभा राहिला आणि त्याहून अधिक ती माणसे राखून ठेवण्यावर.

त्या काळात आपल्याकडील क्लब परदेशी खेळाडू मोसमागणिक बदलत. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स मात्र 2004 ते 2012 अशी आठ वर्षे धेंपोकडे होता. शेवटच्या मोसमात त्याने लीगमध्ये 32 गोल केले. त्याला चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटोही त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे तेथेच होता. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा ही गोव्याचीच मुले. त्यांच्यापैकी काही जमशेदपूरच्या टाटा अकादमीत शिकून आलेली. गोव्याच्या मुलाला घरापासून तासाभराच्या अंतरावर देशातला सर्वोत्तम संघ मिळत असेल, तर कोलकात्याची मोठी रक्कम त्याला तितकी मोठी वाटत नाही. या साध्या मानवी गणितावर कुलासोंचा संघ उभा होता.

दशावताराशी असलेले नाते येथे सुरू होते. दशावतारी आख्यानाला लिखित संहिता नसते. रात्री रंगपटात जाणता नट किंवा मालक कथानक सांगतो, पात्रे वाटून देतो, आणि मग राजपार्टी, खलपार्टी, स्त्रीपार्टी ज्याच्या त्याच्या बुद्धीने बोलू लागते. समोरचा वाक्य कुठे तोडणार, कुठे पदाकडे वळणार, पेटीवाला कुठे सूर देणार, हे पाठांतराने कळत नाही. शंभर रात्री एकत्र काढल्यावर कळते. कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत रोज नवे गाव, नवी जत्रा, आणि तीच दहा-बारा माणसे. या सहवासातूनच संहिता तयार होते. फुटबॉलही असाच अलिखित खेळ आहे. बेटोने मान वर न करता चेंडू सोडावा आणि रँटीने तेथे आधीच पोहोचलेले असावे, ही गोष्ट फळ्यावर रेघा ओढून शिकवता येत नाही. ज्या खेळात संवाद आयत्या वेळी रचायचे असतात, तेथे ओळख हेच भांडवल. नवा गुणवान नट किंवा खेळाडू विकत आणता येतो. त्याची इतरांशी असलेली ओळख विकत मिळत नाही. मध्यम क्लब श्रीमंतांच्या पुढे जातो तो या एका ठिकाणी.

(वाङ्मयाच्या वाचकांना हे पटवायला फार दूर जावे लागू नये. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथे'त लेखक नुसते हेरले नाहीत, त्यांना पुन्हा पुन्हा लिहायला लावले. संपादक म्हणजे माणसे निवडणारा आणि सांभाळणारा, ही जाणीव आपल्याला होती. ती आपण रंगभूमीला का लावली नाही, कोण जाणे.)

एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. धेंपोचा ब्राझीलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानवर दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना तो गोलरक्षकाशी धडकला, मैदानातच कोसळला आणि मरण पावला. चषक धेंपोने जिंकला. ज्याच्याभोवती मोसमाची आखणी केली तोच माणूस गेला, आणि त्याच मोसमात या संघाने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. ही जिद्द होती, असे त्या वेळी म्हटले गेले. जिद्द होतीच, पण शोक एकत्र सोसण्यासाठीही आधी एकत्र असावे लागते, आणि ती एकत्रता कोणीतरी रचलेली असते.

आता उतरणीविषयी. गोव्यात सर्रास ऐकू येते की इंडियन सुपर लीगने गोव्याचे क्लब मारले. यात तथ्य आहे. 2014 साली ती लीग सुरू झाली. एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर याच घराण्यांची माणसे होती. मग वरच्या लीगचे दार जुन्या क्लबांना बंद राहणार, असा महासंघाचा आराखडा पुढे येताच 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिघांनीही आय-लीग सोडली. ज्या शिडीला वरची पायरीच नाही, ती चढायची कशाला, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

परंतु कालक्रम नीट पाहिला तर या कथनात एक भोक आहे. धेंपो आय-लीगमधून खाली घसरला तो 2014-15 च्या मोसमात, म्हणजे दार बंद होण्यापूर्वीच, आणि मैदानावर हरून. 2012 साली रँटी गेला. बेटोही गेला, आणि पुढच्याच मोसमात त्याच्या नव्या संघाने, चर्चिल ब्रदर्सने, लीग जिंकली. 2013 साली कुलासो गेले. त्यानंतरच्या दोन मोसमांत आर्थर पापास आणि ट्रेव्हर मॉर्गन असे दोन परदेशी प्रशिक्षक झाले. तेरा वर्षे एक, मग वर्षाला एक. आमच्या मते याहून खोल कारण खेळाडूंच्या जन्मतारखांत आहे. लॉरेन्स आणि नाईक 1979 चे, गवळी 1980 चे, मिरांडा 1982 चे. संघाचा कणा एकाच वयाचा होता. तो एकदम बहरला आणि एकदम थकला. राखून ठेवण्याची कला कुलासोंना साधली होती. राखलेल्यांच्या मागे दुसरी फळी वाढवण्याची कला क्लबाला साधली नाही, आणि पहिली कलाही एका माणसापाशीच राहिली.

दशावतारी मंडळ्यांनी, निदान ज्या टिकल्या त्यांनी, हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तेथे वये पायरीपायरीने लावलेली असतात. पोरगा आधी किरकोळ सोंगे घेतो, कोवळा आहे तोवर स्त्रीपार्टी करतो, आवाज भरला की राजपार्टीकडे जातो, आणि थकला की कथानक सांगायला बसतो. आज जो राजा आहे त्याची जागा घेणारा त्याच्याच समोर राणी होऊन उभा असतो. हे कोणी शास्त्र म्हणून मांडलेले नाही. या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. नाव गाजले की नट वेगळा होऊन स्वतःचा पेटारा बांधतो, मालकी घराण्यातच फिरते, आणि रात्रीच्या मानधनाविषयी नटांना विचारले तर ते जे सांगतात ते कानांना सुखावणारे नसते. तरी मोचेमाड, वालावल, पार्से, चेंदवण, आजगाव ही गावे मंडळ्यांच्या नावांतून अजून रात्रीच्या जत्रेत ऐकू येतात, हे खरेच आहे.

उलट कंपन्यांच्या क्लबांचे पाहा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 चा राष्ट्रीय विजेता. 2010 साली कंपनीने तो बंद केला. फगवाड्याचा जेसीटी हा 1996-97 च्या पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता; तो 2011 साली गेला. हे दोन्ही क्लब मैदानावर मेले नाहीत, ते बैठकीत मेले. धेंपो समूहाने 2009 साली आपला खाणव्यवसाय विकला, तरी क्लब बंद केला नाही. लीग सोडल्यानंतरही तो गोव्याच्या स्थानिक स्पर्धांत खेळत राहिला. मालकाच्या या चिवटपणाचे श्रेय त्याला द्यायला हवे, आणि ते देताना खळखळ करण्याचे कारण नाही.

2023-24 च्या मोसमात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून धेंपो पुन्हा वर आला आणि 2024-25 मध्ये आय-लीग खेळला. या वेळी प्रशिक्षक बाहेरून आणला नव्हता. ते होते समीर नाईक, कुलासोंच्या संघातले बचावपटू. क्लिफर्ड मिरांडाने त्याआधीच, 2023 साली, ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला होता. पण तो ओडिशाला, आपल्या जुन्या क्लबाला नव्हे. एकाच रंगपटात वाढलेल्या दोघांपैकी एक घरी परतला आणि दुसऱ्याचे शिकलेले दुसऱ्याच्या जत्रेत रंगले.