वाघिणींची प्रकृती आणि मालकांचा नफा

मालगाड्यांच्या वाघिणींची देखभाल ठरावीक मुदतीने न करता वाघिणीची प्रत्यक्ष स्थिती पाहून, गरज भासेल तेव्हाच करावी, असा विचार गेली काही वर्षे जगभरच्या रेल्वे-कारभारात बळावत आहे. 'स्थिती-आधारित देखभाल' असे त्याचे नाव. रुळांलगत बसविलेली यंत्रे धावत्या वाघिणीच्या चाकांचा आघात मोजतात, बेअरिंगचे तापमान टिपतात, त्याचा आवाज ऐकून आतील झीज ओळखतात. कॅमेरे निखळलेले वा लोंबणारे भाग हुडकून काढतात. वरकरणी हा प्रश्न निव्वळ तांत्रिक दिसतो. परंतु वाघीण केव्हा थांबवावी आणि केव्हा धावू द्यावी हे ठरविताना एका पारड्यात नफा असतो आणि दुसऱ्या पारड्यात माणसांचे जीव. हा निर्णय कोणाच्या हाती असावा, हा म्हणूनच वर्गीय प्रश्न आहे.

आरंभीच हे स्पष्ट केले पाहिजे की कामगारवर्गाचे यंत्राशी वैर नाही. यार्डात शिरणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना उन्हापावसात आणि रात्रीच्या काळोखात बसून चाकाचाकावर नजर ठेवणारा, गाडी थांबताच बेअरिंग तापले आहे काय हे पाहणारा कामगार रेल्वेच्या सुरक्षिततेचा कणा आहे. पण बेअरिंगच्या आतली चीर त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. ती यंत्राने पकडता येत असेल तर ते यंत्र हवेच. सुस्थितीतील वाघीण केवळ तारीख आली म्हणून कारखान्यात अडकवून ठेवणे हीदेखील सामाजिक संपत्तीची उधळपट्टी आहे. आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्राच्या आडून होणाऱ्या कपातीला आहे.

वाघिणीचा खाजगी मालक कमाई करतो ती वाघीण फिरत असताना. दुरुस्तीसाठी उभी असलेली वाघीण त्याच्या लेखी निपचित पडलेले भांडवल होय. साहजिकच नव्या पद्धतीकडून त्याच्या अपेक्षा तीन: दुरुस्ती लांबणीवर पडावी, तपासनिसांची संख्या घटावी, वाघिणीच्या फेऱ्या वाढाव्यात. तीच यंत्रे वाघिणीला मुदतीपूर्वीही कारखान्यात बोलावू शकतात. पण धोक्याची रेषा ओढण्याचा अधिकार जर थांबण्याने ज्याचे नुकसान होते त्याच्याच हाती असेल, तर ती रेषा वर वर सरकत जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन या गावी ३ फेब्रुवारी २०२३ रोजी जे घडले ते या संदर्भात बोलके आहे. नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीतील एका वाघिणीचे बेअरिंग निकामी होत होते. मार्गावरील पहिल्या यंत्राने ते बाहेरील हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट अधिक तापल्याची नोंद केली. दुसऱ्याने १०३ अंशांची. कंपनीच्या नियमानुसार गाडी थांबविण्याची मर्यादा १७० अंशांपासून सुरू होत होती. त्यामुळे गाडी धावतच राहिली. त्यापुढचे यंत्र सुमारे ३२ किलोमीटर दूर होते. तेथे २५३ अंशांची नोंद होऊन चालकांना इशारा मिळाला, तोवर उशीर झाला होता. ३८ डबे घसरले, सुमारे दोन हजार लोकांना घरे सोडावी लागली. तीन दिवसांनी पाच टाक्यांतील व्हिनिल क्लोराइड हे विषारी रसायन मुद्दाम सोडून पेटविण्यात आले. हे जाळणे अनावश्यक होते, असा निष्कर्ष पुढे २०२४ साली तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला.

यंत्रे होती, आकडे होते, वाढत्या तापमानाची नोंदही होती. नव्हता तो त्या नोंदीवरून वेळीच गाडी थांबविणारा नियम. आणि माणसेही कमी करण्यात आली होती. अमेरिकेतील मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत सुमारे ४५,००० कामगार, म्हणजे जवळजवळ २९ टक्के, कमी केल्याचे तेथील रेल्वे नियामक मंडळाच्या अध्यक्षांनीच २०२२ साली सांगितले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आजारपणाची पगारी रजा मागणाऱ्या रेल्वे कामगारांवर तेथील संसदेने कायदा करून करार लादला आणि त्यांचा संप रोखला. अपघात त्यानंतर दोन महिन्यांनी झाला.

निकामी झालेली वाघीण रेल्वे कंपनीची नव्हती. वाघिणी भाड्याने देणाऱ्या गॅटएक्स या कंपनीची होती. पीडितांना द्यावयाच्या ६० कोटी डॉलरच्या भरपाईतील वाटा या मालकाने उचलावा, म्हणून रेल्वे कंपनी न्यायालयात गेली. एप्रिल २०२५ मध्ये ज्यूरीने मालकाला त्यातून मोकळे केले. याच उद्योगसमूहाच्या ऑस्ट्रियातील कंपनीची वाघीण २९ जून २००९ रोजी इटलीतील व्हियारेज्जो स्थानकात आस तुटून घसरली होती. टाकीतील वायू पेटला आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. वाघीण एका देशातील मालकाची, आस तपासली दुसऱ्या देशातील कारखान्याने, गाडी चालविली तिसऱ्या देशातील रेल्वेने! पुढे २०११ साली युरोपीय संघाने प्रत्येक मालवाघिणीच्या देखभालीस जबाबदार असणारी प्रमाणित संस्था सक्तीची केली. मालकी आणि जबाबदारी यांची फारकत किती घातक असते, याचीच ही कबुली होय.

आपल्या देशात परिस्थिती अद्याप वेगळी आहे. तीन लाखांहून अधिक वाघिणींपैकी बहुसंख्य भारतीय रेल्वेच्या, म्हणजे जनतेच्या मालकीच्या आहेत. रूळ, वाघीण आणि तपासनीस एकाच सार्वजनिक संस्थेकडे असल्याने स्थिती-आधारित देखभाल लोकहितासाठी राबविण्याची खरी संधी येथेच आहे. पण वारे उलट दिशेने वाहत आहेत. १९९२ ची 'आपली वाघीण घ्या' योजना, २००८ ची उदारीकृत वाघीण गुंतवणूक योजना, २०१८ ची सर्वसाधारण वाघीण गुंतवणूक योजना अशा पायऱ्यांनी खाजगी मालकाला भाड्यात सवलत देऊन आत आणण्यात आले. दुसरीकडे, वाघिणी बांधणारी बर्न स्टँडर्डसारखी सार्वजनिक कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१८ साली घेतला.

तपासणीचे अंतरही वाढत गेले आहे. पूर्वी मालगाडीची कसून तपासणी फेरीमागे होत असे. नंतर 'क्लोज्ड सर्किट' रेकना एकाच प्रमाणपत्रावर ७,५०० किलोमीटर किंवा ३५ दिवस धावण्याची मुभा मिळाली. आता यंत्रांच्या नावाखाली हे अंतर आणखी ताणण्याचा मोह होणार, हे उघड आहे. धावत्या गाडीचा खालचा भाग कॅमेऱ्यांनी तपासणारी यंत्रणा बसविण्यासाठी रेल्वे आणि समर्पित मालमार्ग महामंडळ यांच्यात २०२५ साली करार झाला. त्याचे स्वागतच आहे. परंतु २०२३ साली माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार रेल्वेत सुमारे २.७४ लाख पदे रिक्त होती आणि त्यांतील १.७ लाखांहून अधिक सुरक्षिततेशी निगडित होती. कॅमेरा दोष दाखवील. नट आवळण्यासाठी, बेअरिंग बदलण्यासाठी हात कोठून आणणार? कंत्राटदाराच्या अल्पवेतनी, अप्रशिक्षित, उद्या कामावर असेल की नाही याची शाश्वती नसलेल्या मजुराकडून?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. धोक्याच्या मर्यादा गुप्त न ठेवता जाहीर केल्या जाव्यात आणि त्या ठरविताना कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. यंत्राचा आकडा काहीही सांगो, सदोष वाघीण रेकमधून वेगळी काढण्याचा तपासनिसाचा अधिकार अबाधित राहावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. यंत्रे आली म्हणून एकही पद रद्द होऊ नये. वाचलेला वेळ प्रशिक्षणासाठी आणि विश्रांतीसाठी मिळावा. खाजगी वाघिणीच्या दोषामुळे अपघात झाल्यास मालकाचे दायित्व कायद्याने निश्चित असावे. आणि सर्व नोंदी रेल्वेच्याच ताब्यात राहाव्यात, त्या कोणा यंत्रविक्रेत्या कंपनीची मालमत्ता होऊ नयेत.

१९७४ च्या मे महिन्यातील ऐतिहासिक संपाच्या वेळी निर्घृण दडपशाही सोसून रेल्वे कामगारांनी हे दाखवून दिले होते की या देशाची चाके फिरतात ती त्यांच्या श्रमावर. आज त्याच चाकांची प्रकृती यंत्राने पाहावयाची आहे. जेथे जेथे रेल्वेची यार्डे, सिक लाइन आणि कारखाने आहेत तेथील पक्षघटकांनी हा विषय तांत्रिक म्हणून अधिकाऱ्यांवर सोपवू नये. तपासनीस, फिटर, लोको पायलट आणि कंत्राटी मजूर यांना एकत्र बसवून त्यावर चर्चा घडवावी, त्यांचा अनुभव ऐकावा आणि लोहमार्गालगतच्या वस्त्यांतील जनतेलाही त्यात सामील करून घ्यावे. रसायनांच्या आणि वायूच्या वाघिणी त्यांच्याच दारावरून जातात.