मौन म्हणजे परवानगी नव्हे

अमेरिकेतल्या उजव्यांबद्दल आपल्याकडे एक ठोकळेबाज समजूत आहे: त्यांना सरकार नको, नियम नकोत, बंदुका आणि बड्या कंपन्या तेवढ्या हव्यात. 28 जून 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेव्हरॉन’ तत्त्व मोडीत काढले, तेव्हा या समजुतीला आणखी खतपाणी मिळाले. तज्ज्ञांना हाकलले, न्यायाधीशांचे राज्य आले, कंपन्यांना रान मोकळे झाले, असा टीकेचा सूर होता. माझ्या मते तो निकाल योग्य होता. त्यामागचा उजव्यांचा मुद्दा केवळ त्यांच्या सोयीचा नाही, लोकशाहीच्या मुळाशी जाणारा आहे. दुर्दैव असे, की तो मुद्दा वर्षानुवर्षे मांडणाऱ्यांपैकीच अनेकांना आज तो गैरसोयीचा वाटू लागला आहे.

आधी खटला काय होता ते पाहू. अटलांटिक महासागरात हेरिंग मासा पकडणाऱ्या होड्यांवर पाच-सहा माणसे असतात. मासेमारीवर देखरेखीसाठी 1976 च्या कायद्यानुसार सरकार अशा होडीवर निरीक्षक बसवू शकते. निरीक्षकाचा पगार होडीमालकाने द्यायचा अशी तीन विशिष्ट प्रकरणे कायद्यात नमूद आहेत आणि हेरिंगची मासेमारी त्यांत नाही. तरीही 2020 मध्ये मत्स्य विभागाने नियम काढला, की हा खर्च मालकानेच सोसावा. ही रक्कम दिवसाला 710 डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. विभागाचे समर्थन असे, की कायदा आम्हाला मनाई करत नाही. खालच्या न्यायालयांनी ते मान्य केले. कायदा संदिग्ध किंवा मूक असेल आणि सरकारी खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाने तो स्वीकारावा, हे तत्त्व 1984 पासून चालत आले होते. तेच शेव्हरॉन तत्त्व. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ते रद्द करताना 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यावर बोट ठेवले: कायद्याचा अर्थ ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे, खात्याचे नव्हे.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप तज्ज्ञतेचा. औषधांची, विषारी वायूंची, माशांच्या साठ्याची गुंतागुंत न्यायाधीशांना काय कळणार? न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या असहमतीच्या निकालपत्राचा भर इथेच आहे आणि आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ होते. समुद्रात हेरिंग किती उरला आहे, हा तज्ज्ञाचा प्रश्न. निरीक्षकाचा पगार कोणाच्या खिशातून जावा, हा मत्स्यशास्त्राचा प्रश्नच नाही. तो कर बसवण्याइतकाच राजकीय आहे. शास्त्रीय बाबतीत खात्याच्या मताला वजन देण्यास नव्या निकालाने बंदी केलेली नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, एखादा निर्णय स्पष्ट शब्दांत खात्यावर सोपवला असेल, तर तो अधिकारही शाबूत आहे. गेला तो फक्त मौनातून अधिकार उकरून काढण्याचा परवाना.

दुसरा आक्षेप: सत्ता निवडून न आलेल्या नोकरशहांकडून निवडून न आलेल्या न्यायाधीशांकडे गेली, यात लोकशाहीचा फायदा तो काय? फायदा आहे. न्यायाधीश समोर आलेला खटला तेवढा चालवतो, दोन्ही बाजू ऐकतो, कारणे लिहून देतो. सरकारी खाते नियम करते, तो मोडल्याचा आरोप ठेवते आणि कित्येकदा निवाडाही आपल्याच घरात करते. शेव्हरॉन निकालाच्या आदल्याच दिवशी, 27 जूनला, रोखे बाजार आयोगाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की फसवणुकीच्या आरोपावरून दंड करायचा तर आरोपीला ज्युरीसमोर जाण्याचा हक्क आहे. कायदा करणे, राबवणे आणि निवाडा देणे ही तिन्ही कामे एका हाती आली की जुलूम आलाच, हे जेम्स मॅडिसन यांनी राज्यघटनेच्या जन्मकाळीच बजावले होते.

शिवाय जुन्या तत्त्वामुळे कायद्याला स्थैर्यच उरले नव्हते. इंटरनेट सेवेचेच पाहा. 1996 च्या कायद्यातल्या व्याख्या जशाच्या तशा राहिल्या. पण ओबामांच्या काळात 2015 मध्ये त्यांचा एक अर्थ लागला, ट्रम्प यांच्या काळात 2017 मध्ये उलटा आणि बायडन यांच्या काळात 2024 मध्ये पुन्हा पहिला. जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने नव्या निकालाच्या आधारे हा लपंडाव थांबवला. निवडणुकीगणिक अर्थ बदलत असेल, तर नागरिकाने पाळायचे काय?

तिसरा आक्षेप भांडवलदारांच्या सोयीचा. इथे इतिहासच उलटा आहे. 1984 च्या खटल्यात जिंकली ती शेव्हरॉन ही तेल कंपनी आणि हरले पर्यावरणवादी. त्या खटल्यातला उद्योगांना सोयीचा नियम रेगन यांच्या पर्यावरण खात्याचा होता आणि तो केला तेव्हा खात्याच्या प्रमुख होत्या अ‍ॅन गॉर्सच. त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी 2024 मध्ये हे तत्त्व पुरण्याच्या बाजूने सविस्तर लिहिले. खात्यापुढे झुकण्याच्या प्रथेचा फटका दरवेळी बड्यांना बसत नाही. अपंगत्वाचा भत्ता मागणारे माजी सैनिक आणि देशात राहू देण्याची विनंती करणारे स्थलांतरित यांनाही तो बसलेला आहे. बड्या कंपनीला खात्याची दारे उघडी असतात. साध्या माणसाचा भरवसा कायद्याच्या छापील शब्दांवरच असतो.

इथवर उजव्यांची बाजू बळकट आहे. पण आता त्यांचीही झाडाझडती घ्यायला हवी.

जून 2023 मध्ये बायडन यांची सुमारे 400 अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जमाफी न्यायालयाने रद्द केली, तेव्हा उजव्या भाष्यकारांनी जल्लोष केला. 2003 च्या कायद्यातल्या कर्जाच्या अटी ‘माफ करणे किंवा बदलणे’ एवढ्या शब्दांतून इतका मोठा अधिकार कसा निघेल, हा त्यांचा सवाल रास्त होता. मग एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर आयातशुल्क लादले, ते कशाच्या आधारावर? 1977 च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या, ज्यात आयातीचे नियमन करण्याचा उल्लेख आहे आणि शुल्काचा अवाक्षरानेही नाही. कर आणि शुल्क बसवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाने काँग्रेसला दिला आहे. तरीही मौनातून अधिकार काढू नका म्हणणारे कितीतरी जण या वेळी टाळ्या वाजवत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा! काहींनी मात्र तत्त्वाशी इमान राखले. शुल्काविरुद्ध दावा लढवणाऱ्यांत खुल्या बाजाराची पाठराखण करणारे लिबर्टी जस्टिस सेंटर होते आणि 2025 मध्ये खालच्या दोन न्यायालयांनी शुल्क बेकायदा ठरवले. खरा उजवा बाणा तो हा.

उजव्यांचा दुसरा दोष काँग्रेसविषयीचा. कायदा काँग्रेसने करावा म्हणायचे, तर काँग्रेस कायदा करण्याजोगी हवी. 1997 या आर्थिक वर्षानंतर तिला सगळी वार्षिक खर्चविधेयके एकदाही वेळेत मंजूर करता आलेली नाहीत. खासदारांना तंत्रज्ञानाविषयी सल्ला देणारे स्वतंत्र कार्यालय 1972 च्या कायद्याने सुरू झाले होते. 1995 मध्ये रिपब्लिकन बहुमतानेच त्याचा निधी तोडून ते बंद पाडले. तज्ज्ञ खात्यात नकोत आणि काँग्रेसच्या दारातही नकोत, हे चालायचे नाही. खासदारांचा कर्मचारीवर्ग वाढवा, ते कार्यालय पुन्हा उघडा, संदिग्ध कायदे करून अप्रिय निर्णय खात्यांवर ढकलण्याची सवय मोडा. निकालाचे हे उरलेले अर्धे काम केल्याखेरीज त्याचे समर्थन अपुरे आहे.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत एच-1बी व्हिसाधारकाच्या पतीला किंवा पत्नीला नोकरी करता येते, ती एका खात्याच्या 2015 च्या नियमामुळे. तो नियम न्यायालयात टिकला खरा, पण पुढचे सरकार तो मागे घेऊ शकते. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांच्या एका सहीने नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले, तेव्हा अशा सहीची ताकद साऱ्यांनाच कळली. ज्या लेखणीने सवलत मिळते, तीच लेखणी संकटही लिहू शकते. कायद्याने मिळालेला हक्क काढून घ्यायचा, तर दोन्ही सभागृहांत मते जमवावी लागतात.

म्हणून तिथले नागरिक झालेल्या मराठी मतदारांना एक सांगणे आहे. आपल्या खासदाराकडे राष्ट्राध्यक्षांची मर्जी मागू नका, कायदा मागा. आणि व्हाइट हाउसचा एखादा हुकूम मनापासून आवडला, तर त्या दिवशी आवर्जून विचारा: हा कोणत्या कायद्याने दिलेला अधिकार आहे? नावडत्या अध्यक्षाला हा प्रश्न कोणीही विचारतो. आवडत्या अध्यक्षाला तो विचारील, त्यालाच राज्यघटनेचा कैवारी म्हणावे.