नाव कोणाच्या कानी होते?

पुण्यातील एक उपाहारगृह १९९१-९२च्या सुमारापासून ‘बर्गर किंग’ या नावाने चालत आले आहे. त्याच नावाची अमेरिकी कंपनी १९५४ची. तिने भारतात आपल्या चिन्हाची नोंदणी १९७९मध्ये करून ठेवली, परंतु येथील पहिले दुकान उघडले ते नोव्हेंबर २०१४मध्ये, दिल्लीत. तत्पूर्वीच, २०११मध्ये, तिने पुणेकर मालकांवर दावा लावला होता. २०२४मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपील निकाली निघेपर्यंत पुणेकरांना नाव वापरण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

इतिहासाच्या धाग्यात हा खटला कशाला, असे कोणी विचारील. अशा वादांच्या मुळाशी बहुधा एक निखळ ऐतिहासिक प्रश्न असतो: अमुक साली, अमुक गावी, हे परदेशी नाव कोणाला ठाऊक होते?

माल येथे विकला जात नसतानाही नावाचा लौकिक सीमा ओलांडून येऊ शकतो, हे तत्त्व आपल्याकडे दृढ झाले ते ‘व्हर्लपूल’ खटल्याने. त्या कंपनीची भारतीय नोंदणी नूतनीकरणाअभावी १९७७मध्ये संपली होती. पुढे दुसऱ्याच कोणी त्या नावाने धुलाईयंत्रे विकण्यास आरंभ केला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील मनाई कायम ठेवली. पुराव्यात होते काय? दिल्लीतील अमेरिकी वकिलातीला झालेली थोडी विक्री आणि भारतात येणाऱ्या परदेशी नियतकालिकांतील जाहिराती. निकाल मला अन्यायाचा वाटत नाही. इतके विशिष्ट नाव योगायोगाने सुचत नसते. खटकतो तो पुरावा.

कारण याच न्यायालयाने १९६२मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांची तुलना करताना खेडूत व शहरी, साक्षर व निरक्षर असे सारेच गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवले होते. गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या कडेला वसलेल्या चोरखमाऱ्याचा माणूस त्या गिऱ्हाइकांत सहज बसतो. हा तेंदूपत्त्याचा मुलूख. येथे विडीचा कट्टा ओळखायला अक्षर यावे लागत नाही, वेष्टनावरचे चित्र पुरते. व्हर्लपूलच्या पुराव्यात मात्र हा माणूस कोठेच नाही. देशी चिन्हाची फसगत मोजताना निरक्षराची स्मृती धरायची आणि परदेशी चिन्हाची कीर्ती मोजताना इंग्रजी नियतकालिकाच्या वाचकाची, ही दोन मापे झाली.

यावर कायद्याचे उत्तर तयार आहे. १९९९च्या अधिनियमानुसार संबंधित ग्राहकवर्गाला चिन्ह ठाऊक असले की पुरे. ते भारतात वापरलेले असण्याचीही अट नाही. धुलाईयंत्र घेणारा आणि विडी ओढणारा एक नव्हे, हे मान्य. मग तो वर्ग नेमका कोणता आणि किती मोठा, हे तरी सिद्ध व्हावे. २०१७च्या ‘प्रियस’ निकालात ते घडले. टोयोटाची ही गाडी जपानात १९९७मध्ये आली होती. दिल्लीचा सुट्या भागांचा उत्पादक ते नाव २००१पासून वापरत होता. २००१मध्ये आंतरजालाचा येथील प्रसार किती तोकडा होता हे न्यायालयाने पाहिले, आणि जगभरची कीर्ती म्हणजे भारतातील कीर्ती नव्हे, असा निर्णय दिला. साधनाचा काळ आणि त्याची पोहोच तपासणे, आपण याहून वेगळे काय करतो?

पुण्याच्या वादात १९७९ची नोंदणी आहे, म्हणून तो केवळ लौकिकाचा वाद नाही. कागदावरचा हक्क कंपनीकडे आहेच. तरीही त्या नोंदणीमागे पस्तीस वर्षे एकही दुकान नव्हते. म्हणून माझ्या मते कंपनीला आज जगभरात असलेल्या दुकानांचा आकडा येथे फारसा उपयोगाचा नाही. पाहायचे ते १९९२चे पुणे: तेव्हाच्या वृत्तपत्रांतील जाहिराती, परदेशी जाऊन आलेल्यांचे खाण्याचे अनुभव, कॅम्पातल्या फलकांची छायाचित्रे. त्यांत ते अमेरिकी नाव सापडले, तर पुणेकर मालकांची बाजू मलाही लंगडी वाटेल.