पिकाने प्यायलेल्या पाण्याचा हिशेब

कालव्यात किती पाणी सोडले, याची नोंद पाटबंधारे खात्याकडे असते. बोअरमधून किती उपसले आणि त्यातले किती हवेत उडून गेले, हे मात्र अंदाजपंचे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने ही उणीव उपग्रहाने भरून काढली. स्नेक नदीच्या मैदानात कालवेवाले आणि बोअरवाले यांच्यातला वाद जुना; तिथे आता शेताचे तापमान आकाशातून वाचले जाते. पाणी मिळालेले पीक बाष्प सोडत थंड राहते, तहानलेले तापते. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेतून जमीन आणि हवा तापवणारा वाटा वजा केला, की उरते ती पाण्याची वाफ करण्यात खर्चलेली ऊर्जा. त्यावरून बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे जमीन आणि पिकातून वाफ होऊन गेलेले पाणी, काढता येते. हे तापमान टिपणाऱ्या लँडसॅट ८ या अमेरिकी उपग्रहाच्या मूळ आराखड्यात उष्णता टिपणारे उपकरणच नव्हते. पाणीटंचाईने गांजलेल्या अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे ते २०१३ मध्ये उपग्रहाबरोबर गेले.

उसाच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात भांडणाऱ्या महाराष्ट्राने हे तंत्र मनावर घ्यावे. पावसाळ्यात ढगांमुळे उष्णतेचे चित्र मिळत नाही, शिवाय एक लँडसॅट त्याच जागी १६ दिवसांनी येतो. खरिपाचे आकडे त्यामुळे कच्चेच राहतील. पण टंचाई जाणवते ती रब्बीत आणि उन्हाळ्यात, तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. सुरुवात ऊसपट्ट्यापासून करावी आणि पाणीवापराचे नकाशे ग्रामपंचायतींना खुले ठेवावेत. कोणाचा ऊस किती पाणी पितो हे उघड झाले, तर काही पुढाऱ्यांना ते रुचणार नाही. सरकारने त्याची तयारी आधीच ठेवावी.