रडणारा पंप

घाटात बॉनेट उघडून वाफेच्या ढगात उभा असलेला ट्रक दिसला, की आपल्या मोटारीतली मंडळी एकमुखाने निदान करतात : "पाणी संपलं असेल बिचाऱ्याचं!" पुष्कळदा पाणी संपलेले नसतेच. ते फिरायचे थांबलेले असते.

इंजिनाभोवती तापलेले पाणी रेडिएटरात जाऊन निवायचे आणि परत यायचे, हा फेरा चालू ठेवतो एक लहानसा पंप. जुन्या ट्रकांत पंखाही बहुधा याच पंपाच्या दांड्यावर बसवलेला असतो. एकच पट्टा दोघांना फिरवतो, म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगाने समोरून वारा मिळतो आणि पंख्याचे दोष झाकून जातात. पहिल्या गिअरमध्ये चढण सुरू झाली की वारा नाही, उष्णता मात्र दुप्पट. तिथे पंख्याची खरी परीक्षा असते. त्यातून जसजसे उंच जावे तसतसे पाणी लवकर उकळते. दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश आधी.

ही परीक्षा यंदाच्या मे महिन्यात मी आहुप्याला पाहिली. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे हे गाव. (ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे, ते स्वतः डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या घोडेगावला.) घोड नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. गावापुढे कडा, समोर गोरखगड नि मच्छिंद्रगड, आणि खाली मुरबाडकडच्या खोपिवलीला उतरणारी पायवाट. मोटारीची वाट इथे संपते. आली त्याच रस्त्याने गाडी परत जायची.

ट्रक आला होता हिरडा न्यायला. या डोंगरातल्या महादेव कोळी घरांत बाळहिरडा म्हणजे वर्षाचा रोकड पैसा. झाडावर चढून झोडायचा, वेचायचा, उन्हात वाळवायचा. वाळलेला हिरडा भिजला की बुरशी धरतो, भाव पडतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली झाडेही मोडली आणि साठवलेला मालही भिजवला. ती आठवण अजून ताजी आहे. यंदा पोती रचून तयार होती, दुपारी कोकणाच्या बाजूने ढग चढत होते, आणि ट्रक वर पोचला तोच वाफा सोडत.

मालकाने टेकडावर जाऊन मंचरच्या मिस्त्रींना फोन लावला आणि पंपाचे सील तेवढे आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री एस.टी.ने आले. पिशवीतून निघाला अख्खा नवा पंप आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंखा!

"मी सील सांगितलं होतं, मिस्त्री," मालक म्हणाले.

"शेठ, आधी हे हलवून बघा."

मालकांनी पंख्याची पाती धरून मागेपुढे ढकलली. दांडा खिळखिळ्या दातासारखा हलला. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर ठिबकावे, यासाठी कारखान्यानेच ते ठेवलेले असते. मिस्त्रींनी बोट लावून पाहिले. भोकात साबण कोंबला होता!

"हे रडत होतं, तर कुणी तोंड दाबलं याचं?"

क्लीनर आभाळाकडे बघू लागला. ठिबकणे थांबले म्हणजे दुखणे बरे झाले, असा त्याचा समज. कोंडलेले पाणी बेअरिंगमध्ये गेले, ग्रीस धुऊन निघाले, दांडा डुलू लागला आणि त्या हिसक्यांनी पंख्याच्या एका पात्याला रिबिटापाशी चीर गेली. नुसते सील बदलून डुलणाऱ्या दांड्यावर ते किती दिवस टिकणार? आणि चिरलेला पंखा नव्या बेअरिंगला स्वस्थ बसू देणार नाही.

"पण आता उतारच आहे," मालकांनी शेवटचा प्रयत्न केला. "जाऊ हळूहळू."

"उताराला पंखा थांबतो होय? पातं सुटलं तर आधी रेडिएटर फाडेल. मग पोती पावसात."

पोत्यांवर बसलेल्या म्हातारीने विचारले, "मिस्तरी, पाऊस यायच्या आत व्हईल का?"

"होईल, आजी."

काटकसरीचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे; सदऱ्याची कॉलर उलटून शिवणाऱ्या घरात वाढलो. तरी त्या दिवशी माझे मत मिस्त्रींच्या बाजूला पडले.

इंजिन थंडच होते. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबून धरलेले पाणी तोंडावर उसळते. मिस्त्रींनी पाणी बादलीत काढले, पट्टा ढिला केला, पंखा, पुली आणि पंप उतरवले. मग पाऊण तास बसले ते जुने पॅकिंग खरवडत. मालक घाई करीत होते. पण त्या पृष्ठभागावर कणभर कपटा राहिला तरी नवा पंप गळणार. नवे पॅकिंग लावून बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. पंखा बसवताना पुढची बाजू नीट पाहिली. उलटा बसवला तरी तो वारा त्याच दिशेला फेकतो, पण फार कमी, आणि चूक चढ लागेपर्यंत कळत नाही. पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच खाली जाईल इतका ताणला. इंजिन चालू ठेवून पाणी सावकाश भरले, बुडबुडे थांबेपर्यंत. शेवटी वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरसमोर धरून सोडला. कागद जाळीला चिकटून राहिला. म्हातारी हसली.

पोती चढली, ताडपत्री बांधली गेली. डिंभ्याच्या पाण्याकडेने रस्ता वळला तेव्हा टपोरे थेंब आले. मी केबिनमध्ये होतो. काटा मधोमध होता. रात्री घोडेगावात माल कोरडा उतरला. मिस्त्री मात्र एस.टी.त बसण्याआधी जुना पंखा घेऊन खाली बसले आणि हातोडीने त्याचे एकेक पाते वाकवून टाकले. "नाहीतर कुणीतरी रंग देऊन परत विकील," म्हणाले, आणि हात पुसून मालकांकडून भाडे मागून घेतले.