टीव्ही खिडकीत ठेवून फिरायला गेलेलं गाव

‘आम्ही बातम्या बघतच नाही’ हे वाक्य माझ्या वयाची माणसं बंड केल्यासारखं बोलतात. मीही बोलायचे. हल्ली मला ते बंड वाटत नाही, आणि त्याला कारण पोलंडमधलं एक छोटं गाव आहे.

१३ डिसेंबर १९८१, रविवार. सकाळी पोलिश मुलं टीव्हीसमोर बसली, तर त्यांचा नेहमीचा कार्यक्रम लागलाच नाही. पडद्यावर गणवेशातले जनरल यारुझेल्स्की मार्शल लॉ जाहीर करत होते. फोन रात्रीच कापले होते. नंतर तर बातम्या वाचणारे निवेदकसुद्धा लष्करी गणवेशात येऊ लागले. म्हणजे लपवाछपवीही नाही!

आता श्विदनिक. लुब्लिनजवळचं, हेलिकॉप्टरच्या कारखान्याचं गाव. ५ फेब्रुवारी १९८२ पासून तिथली माणसं रोज संध्याकाळी साडेसातला, बरोबर सरकारी बातम्यांच्या वेळेला, घराबाहेर पडून फिरायला लागली. कोट, टोप्या, मुलांच्या बाबागाड्या, सगळं घेऊन. काहींनी टीव्ही खिडकीत ठेवला, पडदा रस्त्याकडे करून. घोषणा नाही, पत्रक नाही. शेजाऱ्यांना नमस्कार करायचा आणि चालायचं.

सरकारनं काय करावं? संचारबंदीची वेळ अलीकडे ओढली, साडेसातवर आणली. मग लोक पाचच्या बातम्यांना फिरायला निघाले.

घरात बसून टीव्ही बंद केला असता तर कुणाच्या पोटात दुखलं असतं? कुणाच्याच नाही. सेन्सॉरला फक्त माहिती दाबायची नसते. ‘हे खोटं आहे हे मलाही कळतंय आणि तुलाही कळतंय’ हे दोघांना एकमेकांविषयी कळू द्यायचं नसतं. प्रत्येकानं आपापल्या खोलीत एकट्यानं अविश्वास ठेवला तर हुकूमशाहीचं काही बिघडत नाही. मी म्यूटसारखी बटणं बनवून पोट भरते, म्हणून सांगते: म्यूट केलंय हे समोरच्याला कळत नाही, तसंच ते डिझाइन केलेलं असतं.

‘सेन्सॉर म्हणजे अडाणी माणूस, लाल पेन्सिल’ हा आणखी एक गोड गैरसमज. क्राकुफच्या सेन्सॉर कचेरीत काम करणाऱ्या तोमाश स्त्शिझेव्स्कीनं १९७७ मध्ये तिथल्या गोपनीय सूचना स्वीडनला पळवून नेल्या. सोव्हिएत युनियनला जाणाऱ्या मांसाचा उल्लेख नको, अशा थाटाच्या. (इकडे दुकानात मांसासाठी रांगा.) मला त्यात कॉन्फिग फाइल दिसते. कुठला विषय, कुठल्या प्रकाशनात, किती चालेल. कुणी राग काढत नाहीये, काम चाललंय.

‘पण फिरून मिळालं काय?’ असं ऑफिसातल्या एका मित्रानं विचारलं. मार्शल लॉ जुलै १९८३ पर्यंत राहिला, हे खरं. फिरण्यामुळे तो एक दिवसही आधी उठला नाही, असं तो म्हणत असेल तर मी भांडणार नाही. फक्त एवढंच त्यानं सांगावं, की हातात रणगाडे असलेल्या सरकारला संध्याकाळी फिरणाऱ्या माणसांसाठी संचारबंदीचं घड्याळ का बदलावं लागलं?