आधी मोजणी, मग परवानगी

हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते, हे आपण लहानपणापासून पाहतो. ओहोटीला तिच्या आजूबाजूचे खडक उघडे पडतात. त्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, हे मला कोस्टल रोडच्या वादातूनच कळलं. दिसायला दगडावरचा डाग, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांची जागा वाघाच्याच रांगेत, अनुसूची १ मध्ये आहे.

आता क्रम पाहा. रस्त्याला सीआरझेडची परवानगी मिळाली २०१७ मध्ये. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली; शास्त्रीय अभ्यास अपुरा, हा त्यातला मोठा मुद्दा होता. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवल्या गेल्या २०२० मध्ये. म्हणजे आधी भराव, मग जीव!

असं होतं, कारण पर्यावरणाचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराची फी प्रकल्पवालाच देतो. त्या कागदावर जे नाही, ते अधिकाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हणून बाहेरची नोंद हवी. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक ओहोटीला किनाऱ्यावर फिरून अशी नोंद करत आले आहेत.

मित्र म्हणतात, घर, नोकरी, सुरक्षितता हे आपले प्रश्न. खेकडे कोण मोजणार? मला हा युक्तिवाद पटत नाही. प्रवाळ न पाहणारा अहवाल खडकांवर कालवं काढणाऱ्या बाईलाही सहज विसरतो. मोहल्ल्याशेजारच्या खाडीत भराव पडला, तर पाणी आपल्याच घरात येणार.

शिवाय आपल्याला एक सोय आहे. उधाणाची मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते, म्हणजे हिजरी महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदा-पंधरा तारखेला. घरातल्या कॅलेंडरवर ते आधीच छापलेलं असतं. ओहोटीची वेळ तपासा, दोघं-तिघं मिळून जा, प्रवाळाला हात लावू नका. फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर टाका. ओळख पटवायला तिथे जाणकार असतात.

आणि जनसुनावणीची नोटीस निघाली, तर हातात निदान ३० दिवस असतात. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, तो मागून घ्या. त्यात तुमच्या खाडीतले जीव आहेत का ते पाहा. नसतील तर फोटो जोडून लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.